कंपनीचे की बाहेरचे?

काशिरामनं दोन्ही खोकी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे न्याय मागितल्यासारखं पाहिलं. एका खोक्यात कंपनीचे फॉग लाईट होते, दुसऱ्यात बाहेरचे. बाहेरचे स्वस्त होते, डोळे दिपवतील असे होते आणि काशिरामचा मुलगा प्रणित त्यांच्यासाठी हटून बसला होता. पनवेलच्या त्या दुकानात बापलेकांनी अख्खी सकाळ घालवली होती. दुकानदारानं दोनदा चहा पाजला होता. आता तिसरा मागवावा की शटर ओढून जेवायला जावं, अशा विचारात तो होता.

या सगळ्याचं मूळ होती भाविका, प्रणितची धाकटी बहीण. तिला लोणावळ्याच्या एका हॉटेलात पाव आणि केक भाजायची नोकरी लागली होती. भट्टी सकाळी लवकर पेटायची. म्हणजे पनवेलजवळच्या नेऱ्याहून, घरून पहाटेच निघायचं आणि एकटीनं गाडी चालवत घाट चढायचा. पावसाळ्यात त्या घाटात धुकं उतरलं की पुढचा ट्रक दिसतो तो अगदी नाकाला लागल्यावर. नोकरीचं कळलं त्याच दिवशी काशिरामनं ठरवून टाकलं होतं, नाही म्हणायचं. एक घाव दोन तुकडे. पोरीनं विचारायचीच काय ती खोटी होती. शेजारच्या आनंदालाही त्यानं तसं सांगून ठेवलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तो नकाराची तालीमसुद्धा करायचा. आवाज कुठे चढवायचा, कुठे गहिवर आणायचा, सगळं पाठ होतं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. लेक सायकल शिकत होती तेव्हा तो तिच्यामागे धावला होता. घाटात काही मागे धावता येत नाही.

भाविका आली खरी. काशिराम ताटावर बसला होता, समोर बोंबलाचं कालवण होतं. पण पोरीनं विचारलं ते भलतंच.

"बाबा, गाडीला फॉग लाईट कुठले लावायचे? कंपनीचे की बाहेरचे?"

काशिरामचा घास हातातच राहिला. उत्तर तयार होतं, पण ते या प्रश्नाचं नव्हतं. तेवढ्यात प्रणित मध्येच बोलला, की बाहेरचेच घ्यायचे, कंपनीचे काय येडे लोक घेतात. झालं. काशिरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभा जन्म त्यानं बांधकामाचा माल विकला होता. हलका माल नेणारं गिऱ्हाईक दोन पावसाळ्यांनी कसं तोंड करून परत येतं, ते त्याला प्रणितनं शिकवायचं होतं काय?

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. काशिरामनं दोन मेकॅनिक गाठले. बाहेरचे दिवे लावायला वायर कापतात, मग वॉरंटी जाते, हे त्याला कळलं. भलता झगझगीत उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, हेही कळलं. ही नवी विद्या तो भेटेल त्याला ऐकवू लागला. प्रणितही कमी नव्हता, तो मोबाईलवर व्हिडिओ लावून बापाला दाखवायचा. बायको मालू मुकाट्यानं वाढायची. भांडण जरा निवलं, की तेवढंच म्हणायची, प्रणितचं पण खरं वाटतं. की काशिराम पुन्हा पेटायचा.

आणि आज निकालाचा दिवस होता. प्रणितनं शेवटचं म्हणून बाहेरच्या दिव्यांचं खोकं पुढे सरकवलं. काशिरामनं ते मागे लोटलं.

"पोरगी माजी घाटात जानार हाय. जोडलेली वायर तिथं सुटली ना दिवा इझला, तर काय करंल ती? कंपनीचेच लावायचे. आता माजा शब्द शेवटचा."

प्रणितनं लगेच मान डोलावली. एवढ्या लगेच, की काशिरामला संशय यायला हवा होता. पण जिंकलेल्या माणसाला संशय कुठून येणार?

नोकरीच्या पहिल्या दिवशी पहाटे घरची सगळी फाटकाशी जमली. काशिरामनं गाडीपुढे उकिडवं बसून दोन्ही दिव्यांचा उजेड सारखा पडतोय ना, ते पाहिलं. धुक्यात वरचा लाईट मारू नको, ट्रकच्या पाठीला चिकटू नको, असं भाविकाला बजावलं. मग बोनेटवर थाप मारून स्वतःच्या तोंडानं तिला जा म्हणाला. गाडी वळणापलीकडे गेली तरी तो हात हलवत होता.

शेजारचा आनंदा कुंपणाशी दात घासत उभा होता. "काशिराम," तो म्हणाला, "तू तर पोरीला नाय बोलनार होतास ना?"

काशिरामचा हात वरच्या वर राहिला. खरंच की. इतका घोकलेला नकार, तो द्यायचा राहूनच गेला होता. त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं, पण जाऊ का म्हणून कुणी विचारल्याचंच आठवेना. मागे प्रणित मोबाईलमध्ये तोंड खुपसून हसत होता.

"मालू, तिला जायला हो कोन बोलला?"

"तुमीच," मालू म्हणाली. "दिवे कंचे लावायचे ते सांगितलंत, तवाच. जाऊ का इचारलं असतं तर नाय बोलला असतात. म्हनून आमी दिवे इचारले."

काशिरामनं रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. पोटातली भीती होती तिथंच होती. पण लेक आपल्याला पुरून उरली, याचं कौतुकही वाटत होतं. येणारं हसू लपवायला त्यानं मिशीवरून हात फिरवला. आनंदा ब्रश तोंडात धरून अजून उत्तराची वाट बघत होता.

"मीच बोललो तिला, जा म्हनून," काशिरामनं त्याला मोठ्यानं सांगितलं. "दिवे बघितलेस काय? कंपनीचे हायत."