निळी छत्री

देवळाली कॅम्पातल्या एका बैठ्या घरामागच्या मैदानात दोन पॅराशूट पसरून ठेवली होती. एक लालभडक, पिवळ्या पट्ट्यांचं, कोऱ्यासारखं. दुसरं निळं. उन्हाने विटलेलं, कडेला दोन ठिगळं, आणि लालपेक्षा चांगलंच मोठं.

प्रतिभा सरळ लालकडे गेली.

"हे," ती म्हणाली.

सुभेदार यादव पायरीवर बसून चहा पीत होते. सैन्यात असताना त्यांनी कितीतरी पोरांना विमानातून उड्या मारायला शिकवलं होतं. आता ते कायमचे गावी, हरियाणाला निघाले होते, म्हणून हे सामान विकायचं होतं. प्रतिभा कॉलेजात एनसीसीत होती तेव्हा आग्र्याला सैन्याच्या विमानातून उडी मारून आली होती. त्यानंतर सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, पण मान वर करून आभाळात बघायची सवय काही गेली नव्हती. डिसेंबरात एका क्लबचं शिबिर होतं. स्वतःचं पॅराशूट असेल त्यालाच तिथे जागा मिळणार होती.

"बेटी, वजन किती तुझं?" यादवांनी विचारलं.

"बावन्न."

"अठ्ठावन्न," मागून यशोदाबाई म्हणाल्या. मखमलाबादच्या मळ्यातून त्या लेकीच्या स्कूटीवर मागे बसून आल्या होत्या. पोरगी वर्षभराचे साठवलेले पैसे कशात घालते ते त्यांना बघायचं होतं. "परवा फुलं तोलायच्या काट्यावर उभी राहिली होती की. म्या बघितलं ना."

यादव मोठ्याने हसले. "मग लालचं नाव सोड. लहान छत्री आहे. तेज पळते, जमिनीवर पण तेज येते. माझ्यासारख्या मुरलेल्याला ठीक. तू पाय मोडून घेशील."

"पण किंमत तर दोन्हींची सारखीच सांगितलीत तुम्ही."

"सारखीच. लालच्या पिशवीतली राखीव छत्री जुनी झालीय. निळ्याच्या पिशवीतली नवी आहे. तुझ्या पैशात एक तर रंग येईल, नाही तर भरवशाची राखीव. दोन्ही नाही यायचं."

"राखीव म्हंजे?" यशोदाबाईंनी विचारलं.

प्रतिभा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती. घरी तिने सगळं सांगितलं होतं. विमान सांगितलं, शिबिर सांगितलं, बरोबर कोण कोण असणार तेही सांगितलं होतं. एवढं मात्र गाळलं होतं.

"ताई, कधी पहिली छत्री नीट उघडली नाही," यादव म्हणाले, "तर तिला सोडून द्यायची आणि दुसरी उघडायची. ती राखीव."

"आसं होतं?"

"फार क्वचित. पण होतं. माझं झालं होतं."

"आन् मंग?"

"मग काय, बसलोय ना तुमच्यासमोर चहा पीत."

यशोदाबाई हसल्या नाहीत. निळ्या छत्रीभोवती त्यांनी सावकाश चक्कर मारली. ठिगळांवरून बोट फिरवलं. कापडाचं एक टोक उचलून उजेडाकडे धरलं. प्रतिभा बघत राहिली. आई नको म्हणाली तर आपण ऐकणार का, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"साहेब," यशोदाबाईंनी टोक खाली ठेवलं, "ह्या दोन्हीतली उशिरा खाली कोण येती?"

"निळी. मोठी ना. आरामात तरंगत येते."

"मंग निळीच घे गं. एवढे पैसे घालून वर जायचं आन् लगेच खाली यायचं? काय उपेग?"

प्रतिभाने आईकडे बघितलं. तिला एकदम हसू फुटलं आणि ते आवरेना.

"आधी घालून तर बघ," यादव म्हणाले. त्यांनी पिशवी तिच्या पाठीवर चढवली, मांड्यांचे आणि छातीचे पट्टे आवळले. पट्टे अगदी अंगाबरोबर बसले. तिच्यामागे दोऱ्या गवतावर पसरल्या होत्या आणि दोऱ्यांच्या टोकाला निळी छत्री पडून होती.

तेवढ्यात वारा सुटला.

छत्रीची कड फडफडली, उचलली गेली आणि बघता बघता सगळं निळं कापड फुगून उभं राहिलं. प्रतिभा मागच्या मागे ओढली गेली. "आगं आगं आगं!" म्हणत यशोदाबाईंनी धावत जाऊन लेकीच्या कमरेला मिठी मारली. त्यामुळे एवढंच झालं की आता दोघी निघाल्या. गवतावरून घसरत, एकमेकींवर पडत.

"डावी दोरी! डावी ओढ!" यादव कप टाकून मागे धावत होते.

प्रतिभाने डावी दोरी जीव खाऊन ओढली. छत्री एका अंगाला कलली, सुस्कारा टाकल्यासारखी खाली बसली आणि दोघींच्या अंगावर पसरली.

यादव पोचले तेव्हा कापडाखाली हालचाल चालली होती. घाबरून त्यांनी कापड बाजूला केलं. यशोदाबाई उताण्या पडल्या होत्या. अंबाडा सुटलेला, कोपर खरचटलेलं. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"ताई, लागलं का?"

त्या उठून बसल्या. लेकीच्या खांद्यावरचा पट्टा हाताने चाचपून बघितला. मग उभ्या राहिल्या आणि मळ्यात खुडणीला उतरताना करायच्या तसा साडीचा काचा मारला.

"काढ ते," त्या प्रतिभाला म्हणाल्या. "आता मला बांध."