जपलेले अहवाल

अमेरिकेतल्या ईरी शहरात हलिनाचा धातूंना मुलामा द्यायचा छोटासा कारखाना होता. एके सकाळी वडिलांच्या वेळचा कामगार डेल्बर्ट दारात आला. त्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि त्याच्या वकिलाला कारखान्यातल्या हवेच्या तपासणीचे जुने अहवाल हवे होते. भाऊ स्टॅनने हलिनाला आत ओढलं. “भिजून गेले म्हणून सांग. नाहीतर कारखाना जाईल.” “कायद्याने तीस वर्षं जपायचे असतात.” “कोण बघायला येतंय?” “डेल्बर्टकाका आलेत ना!” तिने अहवालांच्या प्रती काढून खोकं भरलं. “पोरी, हे तुमच्यावरच शेकेल,” डेल्बर्ट म्हणाला. “माहीत आहे, काका. इथे सही करा.” खोकं उचलून दोन पावलं जाताच त्याला धाप लागली. खिडकीतून बघणारा स्टॅन बाहेर आला. त्याने म्हाताऱ्याच्या हातातलं खोकं घेतलं, आधी त्याला गाडीत बसवलं आणि खोकं शेजारी ठेवलं.