तागडीसोबत फोटो
पालिकेच्या अतिक्रमण पथकाची गाडी मेहरूणच्या वळणावर दिसताच हातगाड्या पळाल्या. जमिनीवर वांगी मांडून बसलेली लताबाई कुठं पळणार? तिनं तागडी मांडीखाली सरकवली. लॉकडाऊनमध्ये पहिली याच लोकांनी उचलून नेली होती. ही जामनेरच्या बहिणीकडून मागून आणलेली. मास्क लावलेला कर्मचारी मोबाइल घेऊन समोर आला. “अक्का, वांगी विकता?” “नही भाऊ. घरी भरीत शे.” “पोतंभर?” तो हसला. “घाबरू नका. विक्रेत्यांना धंदा पुन्हा उभा करायला बिनतारण कर्ज मिळतंय. यादीसाठी तागडीसोबत फोटो लागतो.” लताबाईनं तागडी मांडीखाली आणखी दाबली. त्या दिवशीही आधी फोटोच काढला होता, मग तागडी गाडीत फेकली होती. “नको असेल तर राहू द्या,” म्हणत तो वळला. “थांबा!” ती ओरडली. यादीतल्या फोटोत तिचे डोळे गाडीवर आहेत आणि तागडीच्या साखळ्या मनगटाला दोनदा गुंडाळलेल्या.