अखाजीची घागर

अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात; ज्याचं नाव घ्याल, तो येऊन पितो. त्रेचाळीस साली हुकूम निघाला: पाचोऱ्याजवळ तारा तोडताना गोळी लागून मेलेल्या बंडखोराची घागर भरेल, त्याला तुरुंग. हुकूम वाचणारे पोलीसपाटील मयताचे सख्खे चुलते होते, पण आवाज खणखणीत लागला. मग ते मयताच्या बहिणीकडे गेले. तानुबाईने घागर काठोकाठ भरली होती. “हाई कोना नावनी?” “तुमना नावनी, आबा.” “मी जित्ता शे!” “हुकूममा जित्तासनी बंदी नही.” पाटलांनी चष्मा पुसून हुकूम पुन्हा वाचला. खरंच नव्हती, सरकारला इतकं बारीक सुचत नाही. तेवढ्यात घागरीतलं पाणी आपोआप बोटभर उतरलं आणि उंबऱ्यात उभ्या पाटलांच्या मिशा ओल्या झाल्या. त्यांनी आत येऊन दार लावलं, हात जोडले, “तुना भाऊनं नाव ले, माय!”