तोंडापुढची जागा

“चालत्या जनावराच्या तोंडापुढं जागा सोडायची.” फोटोग्राफीच्या सरांचा हा नियम मंजिरीच्या हाडीमांसी मुरला होता.

ऊसतोडणीत सापडलेली बिबट्याची तीन पिल्लं वनखात्यानं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून बांधावर ठेवली होती. संध्याकाळी आई आली, आणि एकेक करून दोन घेऊन गेली. तिसरं मलूल होतं. आईनं नेलं नाही, तर त्याचा सगळा जन्म पिंजऱ्यात जाणार होता.

उजेड सरत चालला. जीपमध्ये मंजिरीशेजारी बसलेले वनरक्षक ढोमसे पुटपुटले, “ये गं बाई, तेवढं एक राहिलंय.”

ती आली. पंजानं क्रेट आडवं केलं, पिल्लू मानेला धरून उचललं आणि उसाकडं वळली. मंजिरीनं कॅमेरा तिच्याबरोबर फिरवलाच नाही. मादीचं नाक चौकटीच्या कडेला टेकताच बटण दाबलं. ढोमशांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी फोटो पाहून सर तडकले. “पालथ्या घड्यावर पाणी! तोंडापुढं बोटभर जागा नाही, आणि मागं एवढं काय ठेवलंयस?”

मंजिरी हसली. “रिकामं क्रेट आहे, सर.”