हाडांचं वय

सतरा वर्षांखालील मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी योगेश्वरीची भारतीय संघात निवड झाली होती. निघायच्या आधी तिच्या मनगटाची तपासणी झाली. हाडांवरून मुलगी सतराच्या पुढची दिसते, असं डॉक्टर म्हणाले आणि तिला संघातून काढलं.

दवनीवाड्याला परतताच ती आईच्या गळ्यात पडली. "माय, मी सोळाचीच आहो ना वं?"

"सोळाचीच आहेस बाई. मीनंच त जलम देल्ला तुले."

ओसरीवर बसलेल्या बापानं, तुलसीरामनं, विचारलं, "डॉक्टर सतराच्या वर म्हणून राहिला?"

"हो बाबा."

"म्हंजे अठरा." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "आमगावच्या पाव्हण्याइले लग्नाची तारीख काढाले सांगतो. आता कोनी अडवत नाही."