दहा मिनिटांची ताई

महिन्याभरापूर्वी जिचे गाल भरून दिले होते ती बाई दारात उभी, आणि गालफडं पुन्हा पहिल्यासारखी बसलेली. डॉक्टरीणबाई दचकून खुर्चीतून उठल्याच.

"घाबरू नका, मी तिची जुळी बहीण. ती माझ्याहून दहा मिनिटांनी मोठी."

डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच खुर्ची कलवली, दिवा ओढला, बाईंच्या हातात आरसा दिला. "हे जेल असतं. सुईने कातडीखाली सोडलं की पाणी धरून ठेवतं आणि गाल वर येतो. ताईंसारखंच करून देते तुम्हाला."

"मला नको. ते टिकतं किती, तेवढं सांगा."

"वर्षभर. मग शरीरच ते हळूहळू जिरवून टाकतं."

बाईंचा चेहरा होता त्याहून आणखी पडला. "अहो, दहा मिनिटांच्या जोरावर पंचावन्न वर्षं ताईगिरी केली तिने. खिडकीची जागा तिची, शेवटचा शब्द तिचा, आणि मी आपली 'हो ताई, हो ताई'. परवा भाच्याची नवी बायको घरी आली. मला म्हणाली मोठ्या मावशी आणि तिला धाकट्या. ताई इतकी खुलली, की चूक दुरुस्तसुद्धा केली नाही!"

बाईंनी आरसा परत केला.

"तिची पुढची तारीख आत्ताच लिहून घ्या. गाल उतरायच्या आतली द्या. मोठी बहीण म्हणून सांगतेय."